इंग्रजी रकान्यातल्या गाळलेल्या ओळी

१

आमच्या अंकातून एक अख्खा परिच्छेद नाहीसा झालाय, हे आम्हाला सांगायला पलटणीचे शिपाई आले. वाचकांपैकी एकानेही तोवर तक्रार केली नव्हती. मी त्या वृत्तपत्राचा मुद्रितशोधक, आणि मलाही पत्ता नव्हता.

जानेवारीचा महिना होता. नदीवरून धुकं येऊन न्यू ऑर्लिन्सच्या गल्ल्यांत बसलं होतं. शहर उत्तरेच्या फौजेच्या ताब्यात होतं, लढाई नदीच्या वरच्या-खालच्या अंगाला चालूच होती, आणि आमचा 'फानाल' कसाबसा निघत होता. हे आम्हा स्वतंत्र सावळ्या लोकांचं, म्हणजे गुलाम नसलेल्या, फ्रेंच बोलणाऱ्या मिश्र वंशाच्यांचं पत्र. डावीकडे फ्रेंच रकाना, उजवीकडे त्याचंच इंग्रजी. त्या अंकात आम्ही अध्यक्षांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा छापला होता, पहिल्या पानावर, वरपासून खालपर्यंत.

लेफ्टनंट व्हिटलॉक आत आला. पत्रांवर नजर ठेवायला फौजेने नेमलेला हा तरुण, बोस्टनचा, बोलायला सभ्य. त्याने अंक टेबलावर आपटला.

"यात सुटलेल्या परगण्यांचा परिच्छेद कुठाय?"

मी इंग्रजी रकाना पाहिला. बंडखोर प्रांतांतले सगळे गुलाम मुक्त, हे छापलेलं होतं. त्यापुढे लुइझियानातल्या ज्या परगण्यांना ही मुक्ती लागू नाही त्यांची नावं होती, आणि हे भाग जाहीरनामा निघालाच नाही असं समजून आहेत तसेच राहतील, असं वाक्य होतं. आमचं शहरही त्यातच होतं. तो सगळा मजकूर गायब होता.

"तुम्ही मंजूर केलेल्या प्रतीत होता की हो," मी म्हणालो.

"होता. यंत्रावरची पहिली प्रत मीच नेली. पण नाक्यांवरच्या शिपायांसाठी गठ्ठा नेला, त्यात नाही. सेंट बर्नार्डच्या नाक्यावर दुसरं पत्र पोचत नाही. सार्जंटने हे वाचलं आणि आले तेवढे गुलाम शहरात सोडले. मळेवाल्यांनी मुख्यालय डोक्यावर घेतलंय."

मग त्याने आमच्या जुळाऱ्याकडे, शिशाचे अक्षरखिळे जुळवणाऱ्या वाल्सांकडे बोट केलं. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. हा परिच्छेद जुळवताना वाल्सां लेफ्टनंटच्या तोंडावर ओरडला होता, "हे खिळे लावताना माझी बोटं झडतील!"

"संध्याकाळच्या तोफेपर्यंत खरा माणूस मिळाला नाही, तर हा शिप आयलंडच्या तुरुंगात जाईल. आणि छापखान्याला सील."

वाल्सां माझ्या बहिणीचा नवरा. ओदिलला सातवा महिना लागला होता, आणि शिप आयलंडवरून गेल्या पावसाळ्यात माणसं परत आली होती ती पेट्यांतून.

२

छापखाना मादाम फिलोमेन रोशों यांचा. नवरा गेल्यावर त्यांनीच चालवला. बाई साठीच्या, तपकिरीच्या, आणि जिभेच्या. शिपाई वाल्सांला घेऊन गेले तरी त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त म्हणाल्या, "दार लावून घे तेलेस्फोर. आणि रडायचं असेल तर आत्ताच रडून घे, नंतर काम आहे."

संपादक लारियू खुर्चीत बसून घाम पुसत होता. "मादाम, मी सांगतो ऐका. वाल्सांचं नाव द्या आणि मोकळ्या व्हा. पत्र तरी वाचेल."

"तुझं पत्र, तुझी कातडी, दोन्ही एकच ना रे? छपाईच्या दिवशी दुपारी यंत्र थांबलं होतं तेव्हा कुठं होतास?"

"समोर कॉफी प्यायला! विचारा हवं तर."

"विचारीन."

पहिल्या प्रतीत परिच्छेद होता, गठ्ठ्यात नव्हता. म्हणजे बदल मधेच झाला, त्या दुपारी जेवणासाठी यंत्र थांबलं तेव्हा, खिळ्यांची चौकट यंत्रावरच असताना. त्या वेळी मी घरी होतो. लारियू समोर. वाल्सां खाली एकटा, ओदिलने पाठवलेला भात आणि घेवडा खात. आणि सेवेरां मागच्या पायऱ्यांवर, नेहमीसारखा.

सेवेरां छपाईच्या यंत्राचा दांडा ओढायचा. मादामच्या दिवंगत नवऱ्याने, मस्य रोशोंनी, विकत घेतलेला माणूस, म्हणजे आता मादामचा. हो, मुक्तीचा जाहीरनामा छापणाऱ्या छापखान्यात एक गुलाम होता. आमच्यात अशी घरं बरीच होती आणि कोणाला त्यात काही खटकत नसे. मला तर नाहीच खटकलं कधी. मी सांगतो ते खरं सांगतो.

आत्ताही तो खिडकीपाशी उभा होता. ओलसर कागद पाठमोरा धरून उजेडात निरखत होता. कागद भिजवूनच छापावा लागतो, आणि खिळे किती खोल रुतले ते मागून दिसतं. त्याचं हे रोजचंच. इतका चिकट माणूस मी पाहिला नाही. एकेक कागद असा बघत बसायचा, जसं काही मागच्या बाजूलाही लिहिलंय.

मादामने तो अंक पुढ्यात ओढला. "तेलेस्फोर, रकान्याच्या तळाशी बघ."

तळाशी पांढरी पट्टी सुटली होती. ओळी काढल्यावर खालचा मजकूर वर सरकवून, उरलेल्या जागी लाकडाची पट्टी ठोकून दिलेली.

"वाल्सांने असं केलं असतं?"

माझ्या डोक्यात उजेड पडला. "छे! त्याने ओळीओळींत शिशाच्या पट्ट्या घालून मजकूर पसरवला असता. आपल्याला कळलंही नसतं."

"हे जुळाऱ्याचं काम नाही. पण खिळ्यांना हात लावणं ज्याला जमतं अशाचं आहे. आता काढलेल्या ओळी शोध. शिसं काही हवेत विरत नाही."

मी कोपरे धुंडाळले, रद्दीची बादली उपसली. शेवटी खिळे धुवायच्या क्षारपाण्याच्या टाकीत हात घातला. तळाशी त्या ओळी होत्या, ब्रशने घासून लखलखीत केलेल्या.

३

"चोरी केली आणि वर धुऊन ठेवली?" लारियू हसला. "हा काय चोर आहे!"

"सवय आहे ती," मादाम म्हणाल्या. "यंत्रावरून उतरलेले खिळे धुतल्याशिवाय ठेवायचे नाहीत, अशी ज्याच्या हाताला सवय लागलीय त्याचं काम. वाल्सांपुढे खिळे येतात ते धुतलेलेच."

मी सेवेरांकडे बघितलं. लारियूनेही बघितलं. धुण्याचं काम त्याचंच.

"अहो, पण त्याला वाचता कुठं येतं?" मी म्हणालो. गुलामाला अक्षर शिकवणं इथं गुन्हा होता. मस्य रोशोंनी तो गुन्हा केला नसता. ते पाद्र्यालाही पावती मागायचे.

दुपारी लेफ्टनंट ओदिलने कोठडीत पाठवलेलं वाल्सांचं जेवणाचं भांडं परत द्यायला स्वतः आला. भांड्यातलं अन्न तसंच होतं. ओदिल दारात उभी होती. तिने भांडं उघडून पाहिलं आणि भिंतीला टेकली.

"दादा, त्यांनी घासही नाही रे घेतला," ती म्हणाली. "तू शिकलेला ना? मग काहीतरी कर ना! की नुसती स्वल्पविरामांवर बोटं ठेवायला शिकलास?"

तिचं पोट दिसत होतं आणि घड्याळही दिसत होतं.

मादामने लेफ्टनंटला टाकीतल्या ओळी दाखवल्या. मी दुभाषा. त्याने लगेच सेवेरांला पुढे बोलावलं आणि छापील अंक हातात दिला. "वाच."

सेवेरांने अंक घेतला. तो पाहत राहिला. ओठ हलले, थांबले. कपाळावर थेंब जमले. त्याचे डोळे ओळीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे जात होते. तो नाटक करत नव्हता, हे कोणीही शपथेवर सांगितलं असतं.

"नाही येत, साहेब."

लेफ्टनंट समाधानाने मागे सरला. "याला सोडा. आणि एक सांगतो मादाम, नाक्यावरून आलेल्यांचा प्रश्न मिटलाय. आमच्या सरकारशी निष्ठेची शपथ घेतलेले मळेवाले सकाळी गाड्या घेऊन आले होते. आमच्या शिपायांना पळालेला गुलाम परत करायची बंदी आहे, म्हणून त्यांनी कोणाला हात लावला नाही. फक्त तोंडं फिरवून उभे राहिले."

सेवेरांच्या हातातला अंक खाली पडला. त्याने वाकून उचलला, घडी घातली. लेफ्टनंट गेला.

मला वाटलं, बिचारा घाबरला.

४

मादामपुढे अंक पडला होता, दोन्ही रकाने शेजारी शेजारी.

"लारियू, तू गुलाम पळावेत म्हणून हे केलं असतंस तर कुठला रकाना बदलला असतास?"

"मी नाही केलं हो!"

"समज रे."

"फ्रेंच. मळ्यांवर लोक फ्रेंच बोलतात. चर्चच्या दारात कोणीतरी वाचून दाखवतं ते फ्रेंचच."

"फ्रेंच रकान्यात परिच्छेद शाबूत आहे. मग हा बदल कोणासाठी?"

"शिपायांसाठी," मी म्हणालो. "नाक्यावरच्या."

"तेही आहेच. पण आपल्यापैकी कोणीही, तू, लारियू, वाल्सां, दोन्ही काढले असते. फ्रेंच तसंच ठेवलं की कोणीही शेजारी बघून ओळखणार. इतका उघडा पुरावा कोण मागे ठेवेल? ज्याला इंग्रजी समजतं आणि फ्रेंच वाचता येत नाही, तो."

"लेफ्टनंट!" लारियू उठलाच.

"त्याला खिळ्यांची चौकट सोडता येते? बोट चेंगरून घेईल." मादामने तपकिरीची डबी उघडली आणि न घेताच मिटली. "तेलेस्फोर, सेवेरांला आपण कुठून आणलं रे?"

"मस्यनी गुलामांच्या बाजारातून आणला. बारोन गल्लीतल्या."

"बाजारात कुठून आला होता?"

मला आठवायला वेळ लागला. ते एकदाच कधीतरी कोणीतरी बोललं होतं. "व्हर्जिनियातून. जहाजाने."

"व्हर्जिनियात फ्रेंच बोलतात?"

इतकी वर्षं आम्ही त्याच्याशी आमच्या भाषेत बोललो, आमच्या भाषेत ओरडलो, त्याला आमचं नाव ठेवलं. हा माणूस लहानपणी दुसऱ्या भाषेत बोलत होता हे आम्ही साफ विसरून गेलो होतो.

"पण मादाम, त्याला वाचता येत नाही! आत्ताच पाहिलं ना!"

"त्याला कागद वाचता येत नाही," मादाम म्हणाल्या. "तो शिकला कशावरून? शिशावरून. शिशात अक्षर उलटं असतं. खिडकीपाशी जा, एका बाजूला छापलेला कागद पाठमोरा धर, आणि मग मला सांग काय दिसतं."

मी उठलो. ओला कागद खिडकीला लावला. मागून मजकूर उमटला होता, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. जसा यंत्रावर खिळ्यांत दिसतो, हुबेहूब तसा.

रोज तो तिथं उभा राहून वाचत होता. माझ्या नाकासमोर, इतकी वर्षं.

५

मी टोपी उचलली. काय लपवायचं, मला आनंद झाला होता. वाल्सां सुटणार होता. "चला मादाम, तोफ व्हायच्या आत साहेबाला सांगून येऊ."

"बस खाली."

"बस काय? माझ्या बहिणीचा नवरा तिकडे..."

"बस म्हणते ना!"

त्यांनी सेवेरांला हाक मारली. तो आला, नेहमीसारखा दाराशी थांबला. मादाम त्याच्याशी कधी नव्हे ते हळू बोलल्या. "तू काढल्यास ना त्या ओळी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "हो मादाम. वाल्सां पाण्याला गेला तेवढ्यात."

"कशासाठी?"

"बायको सेंट बर्नार्डला असते. झुल्मे. तिला म्हणालो होतो, पेपर नाक्यावर पोचला की ये. शिपाई वाचतील आणि सोडतील."

"तुला बायको आहे?"

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

"दर रविवारी मी तुला परवान्याची चिठ्ठी देते. तू मासेमारीला जायचास ना? खेकडे आणायचास..."

"खेकडे तीच धरायची. म्हणायची, मालकिणीला ने, म्हणजे पुढच्या रविवारीही सोडतील."

मादामचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते खेकडे मीही खाल्ले होते, रसात बुडवून, बोटं चाटत.

"वाल्सांला घेऊन गेले तेव्हा का नाही बोललास?" मी ओरडलो. "त्याला पोर होणार आहे!"

"ती शहरात पोचेपर्यंत थांबलो होतो." त्याने दोन्ही मनगटं पुढे केली. "आज सांगणारच होतो. आता ती गाडीतून परत गेली. आता काय, सांगा त्यांना. नेऊ द्या मला."

बाहेर उजेड उतरायला लागला होता. एका बाजूला माझी बहीण, दुसऱ्या बाजूला हा. मला अजूनही माझी बहीणच हवी होती. मी तसं म्हणालोही.

"दोघांपैकी एक कशाला देऊ?" मादाम उठल्या. "माझी शाल दे. आणि तेलेस्फोर, मी बोलेन ते शब्दन् शब्द इंग्रजीत सांगायचं. सौम्य करायचं नाही."

६

लेफ्टनंट कचेरीत एकटाच होता. वाल्सां पलीकडच्या बाकावर, हात बांधलेला.

"माणूस सापडला," मादाम म्हणाल्या. "मी."

"तुम्ही ओळी काढल्या?"

"माझ्या सेवेरांने काढल्या. त्याला वाचता येतं, कसं ते हा तुम्हाला नंतर सांगेल. पण तो कोणाचा? ज्या ओळी गेल्या त्याच पुन्हा वाचा. या परगण्यात जाहीरनामा निघालाच नाही असं समजायचं. म्हणजे तो माझी वस्तू. माझी गाडी कोणाच्या अंगावर गेली तर तुम्ही चाकाला तुरुंगात टाकता?"

मी सांगितलं. सौम्य न करता.

लेफ्टनंटचे कान लाल झाले. "मादाम, तो माणूस आहे. त्याने समजून उमजून केलंय."

"माणूस आहे? छान. तसं लिहून द्या. सेवेरां हा माणूस आहे, त्याची बायको त्याची आहे, आणि तिला आणायला तो गेला. त्यावर तुमच्या पलटणीचा शिक्का मारा. मग खुशाल न्या त्याला. नाहीतर मला बांधा. वाल्सांचं यात काहीच नाही."

लेफ्टनंटने दौतीत टाक बुडवला. खूप वेळ तो कागदावर धरून ठेवला. शाईचा ठिपका पडून पसरला.

"असं मला लिहिता येत नाही," तो शेवटी म्हणाला.

"येत नाही ना? मलाही इतकी वर्षं आलं नाही," मादाम म्हणाल्या. हे मात्र त्या इंग्रजीत बोलल्या, मोडक्या का होईना. मला मधे पडावं लागलं नाही.

साठीच्या बाईला बांधून नेण्याची त्याची हिंमत झाली नाही. त्याने वाल्सांची दोरी सोडली आणि नोंद केली की दोष छापखान्याचा. तोफ झाली तेव्हा शिपाई आमच्या दाराला लाख लावत होते. ओदिल वाल्सांच्या गळ्यात पडून इतकी रडली की पलीकडची माणसं खिडकीत आली. मीही रडलो. 'फानाल' पुन्हा निघाला नाही.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मादामने एक कागद लिहिला. सेवेरां आजपासून मुक्त, त्याच्यावर माझा कसलाही हक्क उरला नाही, असं. आमच्या प्रांतात असा कागद कायद्याने चालतो की नाही, तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. मी आणि वाल्सांने साक्षीदार म्हणून सह्या केल्या.

सेवेरांने कागद घेतला आणि दिव्यापुढे पाठमोरा धरला. बराच वेळ बघितलं. मग खाली घेतला.

"हे मला येत नाही, मादाम."

मादामने कागद फ्रेंचमध्ये लिहिला होता. दुसरं काही त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

"दे इकडे," मी म्हणालो, आणि त्याला इंग्रजीत वाचून दाखवला, हळूहळू. तो डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर त्याने विचारलं, "झुल्मेचं नाव कुठं आलं?"

"ते नाही त्यात."

"परत एकदा बघा."

"नाही रे. ती मादामची नव्हती. तिचं नाव मादामला लिहिता येत नाही."

मादाम टेबलाकडे बघत बसल्या होत्या. सेवेरांने कागदाची घडी केली, टोपीच्या अस्तरात सरकवली आणि कोट चढवला.

"एवढ्या उशिरा कुठं निघालास?" मी विचारलं. "आता तू मोकळा आहेस. पाहिजे तिकडे जा. वर बोस्टनला जा."

"सेंट बर्नार्डला," तो म्हणाला. "मळ्यावर कामाला माणूस घेतील."

आणि दाराशी गेल्यावर तो सवयीने थांबला, मादाम परवान्याची चिठ्ठी देतील म्हणून.

मादामनेही टाक हातात घेतलेला होता.